आधी पोचलेला

१

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत डाळजच्या साळव्यांच्या घरात दोन दिवस विमानाशिवाय दुसरा विषय नव्हता. सुमित पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि कंपनी त्याला दोन वर्षांसाठी लंडनला धाडत होती. त्याचे वडील, भानुदास आबा, बारामतीच्या एसटी स्टँडवरून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. जन्म गाड्या सोडण्यात आणि घेण्यात गेल्यामुळे कुठल्याही प्रवासाचं नाव निघालं की ते आधी अंतर विचारायचे, मग वेळ. मुंबई ते लंडन किती? सात हजार दोनशे किलोमीटरच्या आसपास. वेळ? साडेनऊ तास. सकाळी सातला सुटलेलं विमान तिथल्या घड्याळात अकराला उतरतं, हे ऐकल्यावर मात्र आबा अडले.

"मग मधले साडेपाच तास गेले कुठं?"

"गेले न्हाईत आबा, उरले," सुमित हसून म्हणाला.

त्याची बायको मेघना भिगवणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं चेंडू आणि बॅटरी घेऊन आबांना पृथ्वी कशी फिरते ते दाखवलं. आबांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. त्यांना आवडलं ते दुसरंच गणित. सुमितचं विमान उडालं की आपण जीपनं माघारी फिरायचं; खंडाळ्याचा घाट, पुणे, पाटस, भिगवण करत डाळजला यायला आपल्यालाही साडेनऊ तासच लागतील. म्हणजे तो तिकडं उतरेल त्याच वेळी आपण इकडं अंगणात उतरू. बापलेकाचा प्रवास एकाच वेळी सुरू होणार, एकाच वेळी संपणार. ही गोष्ट त्यांनी येईल-जाईल त्याला सांगितली.

आणि तसंच घडलं. सहारच्या विमानतळावर काचेच्या दारातून सुमित आत गेला, मागं वळून हात हलवला, आणि गर्दीत दिसेनासा झाला. मेघना रडली नाही. पिऊ वर्षाची झाली होती, तिला सासूबाईंकडं ठेवून आली होती, तिचीच ओढ जास्त होती. गावातल्या जोतीरामची जीप होती. वाटेत आबा सारखे सांगत राहिले, आता समुद्रावर असंल, आता वाळवंटावर असंल.

जीप अंगणात लागली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. तुळसाबाई ओट्यावर बसून पिऊला मऊ भात भरवत होत्या. सुनेनं चप्पल काढायच्या आत त्या म्हणाल्या,

"सुमितचा फोन येऊन गेला. पोचला म्हणं. थंडी लई हाय म्हणला."

आबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "कवा आला?"

"मगाच. जेवायच्या आदी."

आबा हसले. म्हणाले, अगं विमानतळावरनं केला असंल, निघताना. तुळसाबाईंनी घास पिऊच्या तोंडापाशी तसाच धरला आणि शांतपणे सांगितलं, निघतो म्हणला नाही, पोचलो म्हणला. आई, मी पोचलो. कान काय फुटलेत का माझे?

मेघनानं मनात हिशोब केला. जेवायच्या आधी म्हणजे बारा वाजता विमान हवेत होतं. तुळसाबाईंना डुलकी लागली असेल आणि काळजीनं स्वप्न पडलं असेल, एवढाच त्याचा अर्थ. ती काही बोलणार, तोच घरात फोन वाजला.

तिनं धावत जाऊन उचलला. आधी खरखर, मग पोकळीतून आल्यासारखा सुमितचा आवाज. तिचं प्रत्येक वाक्य तिलाच परत ऐकू येत होतं आणि त्याचं उत्तर एक श्वासभर उशिरा पोचत होतं.

"आत्ताच उतरलो. बॅगा यायच्यात अजून. आईला सांग."

"अहो, तुम्ही मघाशी फोन केला होता?"

श्वासभर शांतता. "मघाशी कुठून करणार? विमानात होतो की."

तिनं वळून पाहिलं. तुळसाबाई दारात उभ्या होत्या. लेकाचा फोन आलाय हे कळत होतं, पण त्या रिसीव्हर घ्यायला पुढं आल्या नाहीत.

२

साळव्यांच्या घरात छप्पन सालानंतर भूत, भानामती, अंगारा, देवरुषी यांना उंबरा ओलांडायची मनाई होती. आबांच्या वडिलांनी नागपूरहून आल्यावर घरातले सगळे देव वेताच्या टोपलीत भरून नदीत सोडले होते, आणि समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशिवाय काही नव्हतं. आबांना या गोष्टीचा अभिमान होता. त्यामुळं फोनचं कोडंही त्यांनी रीतसर सोडवलं. भिगवणच्या एक्स्चेंजमध्ये लाइनी एकमेकींत अडकतात हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुठल्या तरी दुसऱ्या आईचा दुसरा लेक कुठं तरी पोचला असेल, थंडी कुठंही असते. मेघनालाही ते पटलं.

सुमित दर रविवारी सकाळी फोन करायचा. तोच श्वासभर उशीर, तीच खरखर. खोली कशी आहे, काम कसं आहे, पिऊ काय करते. आणि रविवार सोडून इतर दिवशी, मेघना शाळेत गेली की, तुळसाबाईंना फोन येत होता.

हे तिला कळलं ते पिऊच्या दातावरून. रविवारी तिनं मोठ्या हौसेनं सुमितला सांगितलं की पिऊला दाढ आली. तो खूश झाला. फोन ठेवल्यावर तुळसाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, त्याला बुधवारीच सांगितलंय मी.

मग असं वारंवार व्हायला लागलं. तुळसाबाई आठवड्याच्या मधेच सांगायच्या, सुमितनं नवा कोट घेतला, काळा. रविवारी सुमित म्हणायचा, थंडी सोसवत नाही, कोट घ्यावा म्हणतोय, काळा बघून ठेवलाय. तुळसाबाई सांगायच्या, त्याचा पाय मुरगळलाय. मेघना घाबरून रविवारची वाट बघायची, तर सुमित ठणठणीत. आणि त्याच्या पुढच्या रविवारी म्हणायचा, अगं, बर्फावरून घसरलो, पाय सुजलाय.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं आधी सगळे साधे अर्थ लावून पाहिले. सुमित खरंच आईला मधे फोन करत असेल आणि आपल्यापासून लपवत असेल. पण का लपवेल? तिनं त्याला सरळ विचारलं. तो नाही म्हणाला.

"आईला बरं वाटत असेल तर असू दे ना," मग तो म्हणाला.

त्याच्या या बोलण्यानं तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नवल त्याला वाटायला पाहिजे होतं, आणि त्याला ते वाटलेलं नव्हतं.

३

पावसाळा संपत आला होता. शाळेला कसलीशी सुट्टी होती आणि मेघना घरात होती. तुळसाबाई मागं न्हाणीत. आबा पिऊला घेऊन उजनीच्या पाण्याकडं पक्षी दाखवायला गेलेले. हमरस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं ट्रक जात-येत होते, त्यांचा आवाज घराला एवढा सवयीचा की ऐकूही यायचा नाही. फोन वाजला तेव्हा ती गव्हाचं पीठ चाळत होती. पिठाच्या हातानंच तिनं तो उचलला.

"आज शाळा नाही का गं?"

सुमितच होता. त्याचा आवाज, बोलताना शेवटचा शब्द किंचित ओढायची त्याची लकब. पण खरखर नव्हती. ती काही बोलली तर तिचा आवाज तिला परत ऐकू येत नव्हता, आणि उत्तर लगेच येत होतं; शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसं. खरं तर लगेचच्याही आधी. तिचा प्रश्न पुरता व्हायच्या आत.

"तुम्ही कुठून…"

"जवळच आहे आता."

त्याच्यामागं, रिसीव्हरमध्ये, एक ट्रक गेला. त्या ट्रकला तीन सुरांचा कर्कश हॉर्न होता आणि ड्रायव्हरनं तो लांबलचक वाजवला. मेघनाला त्यात काही तरी खटकलं, पण काय ते उमगेना. लंडनमध्ये ट्रक नसतात थोडेच. ती तशीच उभी राहिली. पलीकडचा आवाज म्हणत होता, आईला दे. आई न्हाणीत आहे, पाच मिनिटांनी कर म्हणेल, पण तू बोलव.

मागून तुळसाबाईंनी ओरडून सांगितलं, "सुमितचा हाय व्हय? पाच मिनिटांनी कर म्हणावं."

आणि मग खिडकीबाहेर, भिगवणकडून, तो ट्रक आला. तीन सुरांचा हॉर्न लांबलचक वाजवत घरासमोरून इंदापूरच्या दिशेला निघून गेला.

तिनं रिसीव्हर आपटला. पीठ फोनभर झालं.

तुळसाबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या. फोन ठेवलेला पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मेघना दोन पावलं मागं सरली. सहा वर्षांच्या संसारात ही बाई तिला कधी टाकून बोलली नव्हती. तापात डोक्यावर पट्ट्या ठेवल्या होत्या, बाळंतपणात माहेरच्यांना हात लावू दिला नव्हता. मेघना तिला नुसतं तोंडानं आई म्हणत नव्हती.

"का ठिवलास? त्यानं तुझं काय वाईट केलंय?"

"आई, ते सुमित नाहीत."

तुळसाबाईंनी पदरानं फोनवरचं पीठ पुसलं. अगदी हळूहळू, लेकराचं तोंड पुसावं तसं.

"मी पोटात वाढवलाय त्याला. मला ठावं हाय कोन हाय आन् कोन न्हाय," त्या म्हणाल्या. "त्यो रोज येतो. तुझा त्यो आठ दिसातनं एकदा येतो, घड्याळ बघून."

त्या काय बोलल्या हे मेघनाला रात्री अंथरुणावर कळलं. तुळसाबाईंना कुणी फसवलेलं नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

४

आता तिचा आधार होते आबा. तिनं त्यांना सगळं सांगितलं, हॉर्नसुद्धा. आबांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पोरी, गाडी आधी सुटू शकते, पण रस्ता कमी न करता आधी पोचू शकत नाही. कुणी तरी खोडसाळपणा करतंय, गावातलंच असेल. उद्या मी स्वतः उचलतो. तू निवांत शाळेत जा.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिचं लक्ष नव्हतं. घरी आली तेव्हा आबा फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते. पंखा बंद, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. तिनं विचारलं, आला होता?

"आला."

"मग?"

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "सुमितच हाय," ते म्हणाले, आणि उठून मागच्या दारानं रानात गेले.

तो त्यांना काय बोलला हे तिला कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून आबांनी अंतर आणि वेळ हा विषय सोडला. रविवारी सुमितचा फोन आला की ते नेमके बाहेर असायचे. आणि एकदा अर्ध्या सुट्टीत डोकं दुखतं म्हणून ती घरी आली, तर दाराबाहेरच तिला आबांचा हसण्याचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी ते मोकळं हसत होते. ती आत गेली. आबांनी पिऊला मांडीवर घेतलं होतं, रिसीव्हर तिच्या कानाला लावला होता, आणि तुळसाबाई शेजारी जमिनीवर बसून कौतुकानं पाहत होत्या. तिघं जण तिच्याकडं वळले. आपण परक्याच्या घरात न विचारता शिरलो, असं तिला वाटलं.

"पप्पा," पिऊ फोनकडं बोट करून म्हणाली.

त्याच्या पुढच्या रविवारी मेघनानं मुद्दाम सुमितचा फोन पिऊच्या कानाला लावला. पिऊनं ऐकलं, खरखर ऐकून तोंड वाकडं केलं आणि रिसीव्हर ढकलून दिला. "हे नको," म्हणाली. तिकडं सुमितला ते ऐकू गेलं असणार, श्वासभर उशिरानं.

त्यानंतर त्याचे फोन विरळ झाले. काम वाढलंय म्हणायचा. मेघनाला वाटायचं, त्याला सांगावं, नका असं करू, तुम्ही जेवढे लांब राहाल तेवढी इथली जागा भरते आहे. पण असलं वाक्य ती कशी उच्चारणार? ती शाळेत मुलांना सांगत होती की जे मोजता येतं त्यावर विश्वास ठेवा.

५

दोन वर्षं संपली. मार्चमध्ये सुमित येणार होता, आदल्या दुपारी लंडनहून निघालेलं विमान सकाळी मुंबईत उतरणार होतं. मेघनानं दिवस मोजून काढले होते. आता तो समोर येऊन उभा राहील, आई त्याच्या तोंडावरून हात फिरवील, आणि हे सगळं आपोआप मिटेल, असा तिचा हिशोब होता.

आबा म्हणाले, माझा गुडघा धरलाय, तू जा. तुळसाबाई म्हणाल्या, पिऊला एवढ्या लांब नको, सर्दी हाय. तूच जा. दोघांनी हे एकमेकांकडं न बघता सांगितलं. आदल्या संध्याकाळी जोतीरामच्या जीपमध्ये बसताना तिनं पाहिलं, तुळसाबाईंनी पुरणासाठी डाळ शिजत घातली होती. तिनं म्हटलं, आई, आम्हाला यायला उद्या दिवस मावळेल, आंबून जाईल. तुळसाबाई चुलीत फुंकर घालत राहिल्या.

सकाळी सहारला विमान थोडं उशिरा असल्याची पाटी लागली. बाहेर फोनचं बूथ होतं. घरी काळजी करतील म्हणून तिनं नंबर फिरवला. तुळसाबाईंनी उचलला. मागं भांड्यांचा आवाज, पिऊचं खिदळणं.

"आई, विमानाला उशीर आहे. आम्हाला संध्याकाळ होईल."

"हुं. वाटंत जेवून घ्या," तुळसाबाई म्हणाल्या. घाईत होत्या. "हितं पानं वाढल्यात."

"एवढ्या सकाळी? कुणाला?"

तुळसाबाईंनी रिसीव्हरवर हात ठेवला असावा, आवाज दबला. कुणाला तरी त्या म्हणाल्या, घे रे, तूप घे अजून. मग हात निघाला.

"आला न्हवं त्यो," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मेघना बूथमध्ये किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. कुणी तरी काचेवर टिचकी मारली म्हणून ती बाहेर आली. समोरच्या दारातून लोक बाहेर पडत होते, आणि त्यांच्यात ट्रॉली ढकलत सुमित येत होता. वाळला होता. कानाजवळ पांढरं दिसत होतं. अंगात काळा कोट. त्यानं तिला पाहिलं आणि ट्रॉली तशीच सोडून तो आला, तिचे दोन्ही हात धरले, आणि सगळ्या माणसांसमोर रडायला लागला.

त्याच्या हातांना घाम होता. हा तिचा नवरा होता, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच तिला भीती वाटली.

६

घाट चढून जीप पुण्याच्या बाजूला लागली. मग तिनं सगळं सांगितलं. पुढं जोतीराम होता, त्याची तिला पर्वा राहिली नव्हती. सुमित खिडकीबाहेर बघत ऐकत होता.

"मला थोडं माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी तिथल्या खोलीवर गेलो, तर घरमालकीण म्हणाली, परत आलास? मघाशीच तर किल्ली घेऊन वर गेलास. मी वर गेलो. कुणी नव्हतं. अंथरुण चुरगळलेलं होतं."

"आणि हे मला दोन वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

मेघनानं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला. दोन वर्षं ती त्या घरात एकटी वेडी ठरत होती, आणि हा माणूस सात हजार किलोमीटरवर बसून आईला बरं वाटत असेल तर असू दे म्हणत होता. भांडायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात पिऊ होती. पुरण होतं. तूच जा, असं म्हणताना एकमेकांकडं न बघणारी ती दोघं होती. तिला मुंबईला पाठवलं नव्हतं, घरातून बाहेर काढलं होतं. ती जोतीरामला एवढंच म्हणाली, जरा जोरात घ्या.

भिगवणला डिझेल घ्यायला थांबावं लागलं. तिच्या शाळेसमोर वडापावचा गाडा लावणारा सिद्धू पंपावर उभा होता. बाईंना जीपमध्ये पाहून तो जवळ आला, गोंधळला.

"मॅडम, मगाशीच घराकडं गेला की तुमी," तो म्हणाला. "चालत. हाक मारली तर बघितलं बी न्हाय."

दुसरी कुणी असेल, ती म्हणाली. असंल, तो म्हणाला. पण तो तिच्या साडीकडं बघत होता, हिरवी, काठाला जांभळी रेघ. मग त्यानं सुमितला नमस्कार केला नाही, काही नाही, गर्रकन वळून चालू लागला. सुमितनं ते ऐकलं होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

डाळजला पोचले तेव्हा ऊन अजून घरावर होतं. दार लावलेलं. भर दिवसा ते दार कधी लावलेलं नसायचं. जीपचा आवाज ऐकून कुणी धावत बाहेर आलं नाही. आतून पुरणपोळीचा, तुपाचा वास येत होता, आणि माणसं जेवताना बोलतात तसं धिम्या सुरातलं बोलणं.

मेघनानं कडी वाजवली. बोलणं थांबलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं, आबा बाहेर आले, आणि त्यांनी मागं हात करून दार ओढून घेतलं, बोटभर फट राहील एवढं.

"आबा, जयभीम," सुमित म्हणाला.

आबांचा हात सवयीनं छातीपर्यंत वर आला. मग तिथंच थांबला, आणि खाली गेला.

"उशीर केलात तुमी," ते म्हणाले. सुमितकडं त्यांनी पाहिलंच नाही. ते मेघनाशी बोलत होते.

ती म्हणाली, आबा, बाजूला व्हा. माझी पोर आत आहे. आबा हलले नाहीत. तिनं त्यांच्या खांद्यावरून त्या फटीतून पाहिलं. समोरच्या खोलीत जेवणाची पंगत होती. पाटावर एक पुरुष पाठमोरा बसला होता, काळ्या कोटात, चैत्राच्या तोंडावर, एवढ्या उकाड्यात. पिऊ त्याच्या मांडीवर होती आणि त्याच्या कानाची पाळी धरून झुलत होती. तुळसाबाई समोर बसून त्याला वारा घालत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख होतं जे मेघनानं कधी पाहिलं नव्हतं. तो घास चावत नव्हता. हात पानातून तोंडाकडं जात होता, परत येत होता, आणि पानातलं कमी होत नव्हतं.

मग स्वयंपाकघरातून कुणी तरी वाढायला आलं. मेघनाला फक्त खाली लोंबणारा पदर दिसला. हिरवा. काठाला जांभळी रेघ.

"मम्मी, मला पण," पिऊ त्या पदराकडं हात पसरून म्हणाली.

मेघनानं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आतून आला. तिचाच, शाळेत बोलून बोलून किंचित बसलेला.

"आबा, कोण आलंय?"

आबांनी मेघनाकडं पाहिलं. सरळ डोळ्यांत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ओळख होती. ही कोण, तो कोण, त्यांना सगळं कळत होतं. मग त्यांनी मान आत वळवली.

"कुणी न्हाय गं मेघना," ते मायेनं म्हणाले. "रस्ता चुकल्यात."

ते आत गेले. कडी लागली, आणि तिच्यामागोमाग वरचा अडसरही.